दम चढावर लागतो, तर तो चढावरच बघायला हवा

वाचकांचे प्रश्न : छाती आणि श्वास

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४७, वजन ६८ किलो. अंगणवाडी खाली ओढ्याकडं, आमचं घर वरच्या गल्लीत. मधे देवळाचा चढ आहे. दोन वर्षांमागं मी हा चढ एका दमात चढत होते, डोक्यावर पाण्याची घागर असली तरी. आता देवळाच्या कट्ट्यावर बसल्याशिवाय वर जाता येत नाही. बसले की चार-पाच मिनिटांत बरं वाटतं. भाकऱ्या थापताना त्रास नाही, झोपेत नाही. बीपीची एक गोळी सकाळी घेते. शुगर नाही.

ईसीजी झाला, इको झाला, छातीचा एक्स-रे, थायरॉइड, फुंकायची टेस्ट, सगळं झालं. रक्त १२.१ आहे. सगळं नॉर्मल. दोन डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. एकांनी दम्याचा पंप दिला, तो चार महिने ओढला, फरक नाही. घरात आता म्हणतात, रिपोर्टात काय नाही म्हणजे तुझ्या मनातच आहे. सासूबाई तर कामाची नाटकं म्हणतात. आता बेळगावच्या एका डॉक्टरांनी सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून टेस्ट करूया म्हटलंय. मला सायकल येत नाही, जन्मात कधी बसले नाही. चढ चढतानाच जीव जातो आणि हे मुद्दाम दम लावून बघणार म्हणजे काय? हार्टवर ताण येऊन काही झालं तर? ही टेस्ट करावी का?

उत्तर : अक्का, टेस्ट करा. कशासाठी आणि कशी, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि त्यातली निम्मी तरी बायकांची असतात.

आधी घरच्यांना वाचून दाखवा म्हणून हे लिहिते. तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, याचा अर्थ तुम्हाला काही झालेलं नाही असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही आडव्या पडलेल्या असताना किंवा खुर्चीत बसलेल्या असताना दोष सापडला नाही. ईसीजी पडून काढला, इको कुशीवर झोपवून केला, एक्स-रे उभं राहून श्वास रोखून घेतला. आणि तुम्हीच लिहिलंय की बसल्यावर, झोपल्यावर काहीच त्रास नाही! मग त्या वेळी काढलेल्या रिपोर्टात तरी त्रास कुठून दिसणार?

मी वडगावच्या मागवाल्याची मुलगी. माझे वडील पॉवरलूमवर साड्या विणायचे. साडीत दोष येऊ लागला की मेकॅनिक यायचा. नवखा असला तर माग बंद करून सगळं तपासायचा. उभे धागे सरळ, आडवा धागा नेणारा धोटा जागेवर, पट्टा ताठ. काहीच चुकलेलं नाही म्हणायचा. जुना मेकॅनिक मात्र आल्या आल्या मोटर चालू करायला लावायचा. डोळे मिटून खटखट ऐकत उभा राहायचा, आणि विसाव्या-तिसाव्या फेकीला म्हणायचा, हां, डाव्या बाजूला धोटा अडतोय. सायकलची टेस्ट म्हणजे हे मोटर चालू करून ऐकणं आहे. तिचं पूर्ण नाव कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट, सगळे सीपीईटी म्हणतात.

चढ चढताना शरीरात काय होतं ते बघा. स्वस्थ बसलेलं शरीर किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. तुमच्या वजनाला तो पाव लिटरच्या आसपास होतो. देवळाचा चढ चढताना तीच मागणी चार-पाच पटींवर जाते. ती पुरवायला चौघांनी एकाच वेळी धावायचं असतं : फुप्फुसांनी हवा आत-बाहेर करायची, हृदयानं रक्त ढकलायचं, रक्तातल्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन वाहून न्यायचा आणि मांड्या-पिंडऱ्यांच्या स्नायूंनी तो वापरायचा. अमेरिकेतले डॉक्टर कार्लमन वॉसरमन हे एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांच्या चित्रानं समजावत. कुठलंही एक चाक अडलं की सगळं थांबतं, आणि माणसाला कळतं ते एकच, दम लागतो. कोणतं चाक अडलं ते आतून कळत नाही. वॉसरमन आणि त्यांचे सहकारी मॅकिलरॉय यांनी १९६४ साली, व्यायाम करत असलेल्या माणसाच्या नुसत्या उच्छ्वासावरून स्नायूंना ऑक्सिजन कधी कमी पडायला लागला ते ओळखता येतं, हे दाखवलं. त्याच पायावर आजची टेस्ट उभी आहे.

सायकलवर बसण्याआधी मला तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी खटकल्या, त्या सांगते.

पहिली, बीपीची गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. पाकिटावर बघा. नावाच्या शेवटी "लॉल" असेल, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यातलं काही, तर ती गोळी नाडीला लगाम घालते. चढावर नाडी वाढायला हवी, ती वाढत नाही, आणि काही जणांना त्यानंच दम लागतो. तुमच्या वयाला पूर्ण जोर लावल्यावर नाडी ढोबळमानानं २२० वजा ४७, म्हणजे १७३ च्या आसपास जायला हवी. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांची नाडी पूर्ण दमल्यावरही ९८ च्या वर गेली नाही. हात थरथरतात म्हणून कुणीतरी तीन वर्षांपूर्वी प्रोप्रानोलॉल दिलं होतं, ते त्यांनी चालूच ठेवलं होतं, आणि बीपीची गोळी नव्हे म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं. पण अक्का, गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. अचानक बंद केलेली ही गोळी धोका करते. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. टेस्टच्या दिवशी ती घ्यायची की नाही, हेही त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट, दम्याचा पंप. आपल्याकडे बायका "दम लागतो" म्हणतात आणि कागदावर "दमा" उतरतो. एका कान्याचा फरक! कन्नड बोलणारे पेशंटही "दम्मु" म्हणतात, तिथंही तीच गत होते. दमा हा एक आजार आहे, दम लागणं ही तक्रार आहे आणि तिच्यामागं पंचवीस कारणं असू शकतात. म्हणून मी पेशंटला दम हा शब्द न वापरता सांगायला लावते. कुणी म्हणतं छाती आवळते, कुणी म्हणतं हवा आत जाते पण पुरत नाही, कुणी म्हणतं पायांतलं त्राणच जातं आणि मग धाप लागते. तिन्हींच्या वाटा वेगळ्या. तुम्हीही हे वाक्य घरी नीट ठरवून, लिहून न्या. चढताना त्रास होतो की थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो, घशात आवाज येतो की छातीत, नुसतं बसल्या बसल्या मोठे सुस्कारे टाकावे लागतात का, तेही लिहा. रक्त १२.१ म्हणजे काठावर पास आहे; पाळी जास्त जात असेल तर लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणीही करून घ्या.

आता टेस्ट. सायकल जागची हलत नाही, त्यामुळं येत नाही याची चिंता सोडा. तोल सांभाळायचा नाही, फक्त पाय फिरवायचे. साडी मात्र नको, पायडलात पदर-निऱ्या अडकतात. मुलीचा किंवा भाचीचा सलवार-कमीज घाला, पायात पट्ट्याची चप्पल नको, बूट घाला. जोतिबाला चढून जाणाऱ्या कित्येक बायका मी माझ्या डोळ्यांनी सुनेचे बूट घालून टेस्टला बसलेल्या पाहिल्यात. आधी दोन तास पोटभर जेवू नका, चहा-कॉफी टाळा. आदल्या दिवशी भाताच्या मळणीला जाऊन पाय दुखवून येऊ नका.

तिथं गेल्यावर आधी परत एकदा फुंकायला लावतील. मग छातीला ईसीजीच्या दहा चकत्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, आणि नाकातोंडावर रबरी मास्क. मास्कचा पहिला मिनिट सगळ्यांना नकोसा वाटतो. त्यातून हवा भरपूर येते, गुदमरत नाही. पण तसं वाटतं खरं. तो बसवून दोन-तीन मिनिटं नुसतं बसू द्या म्हणून आधीच सांगा. मास्क असल्यामुळं बोलता येत नाही. म्हणून खुणा ठरवून घ्या : अंगठा वर म्हणजे ठीक, तळहात आडवा म्हणजे थांबवा. समोर ० ते १० आकड्यांचा तक्ता धरतात, ० म्हणजे दम नाही, १० म्हणजे सहन होत नाही. त्यावर बोट ठेवायचं. तो तक्ता आणि संमतीचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे, लाजू नका.

पहिली तीन मिनिटं नुसतं बसायचं. पुढची तीन बिनओझ्याचं पायडल. मग यंत्र हळूहळू ओझं वाढवत नेतं, तुमच्यासारखीला मिनिटाला १० वॅटच्या आसपास, तेही एकदम नाही, कळणार नाही असं. तुम्ही मिनिटाला ६० च्या आसपास फेरे धरून ठेवायचे. आठ ते बारा मिनिटांत पाय भरून येतील, घाम फुटेल, आणि तुमचा तो देवळाचा चढ समोर उभा राहील. फरक इतकाच, की या चढावर तुमच्या शेजारी डॉक्टर आहे, ईसीजी चालू आहे, दर श्वासाला किती ऑक्सिजन आत गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला हे मोजलं जातंय. गावातल्या चढावर तुम्ही रोज एकट्याच ही टेस्ट देताय, कुणीही न बघता. भीती वाटायची तर त्या चढाची वाटायला हवी.

धोक्याचा आकडाही सांगते, लपवत नाही. हृदयाच्या पेशंटसकट सगळे धरून, एक लाख टेस्टमागे २ ते ५ मृत्यू, असा आकडा जागतिक मार्गदर्शिकांत दिलेला आहे. हा धोका कमी ठेवण्यासाठी काही जणांना सायकलवर बसवतच नाहीत : नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, बसल्या जागी छातीत दुखणारे, हृदयाची झडप फार अरुंद होऊन चक्कर येणारे, ठोके अनियमित आणि ताब्यात नसलेले, ताप असलेले. तुमचा इको झालाय, त्यामुळं झडपेची शंका मिटली आहे.

टेस्टमधून काय कळतं, हा खरा प्रश्न. एक हिशेब दाखवते. फुंकायच्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात तुम्ही दोन लिटर हवा बाहेर टाकली असं समजा. त्याला ४० नं गुणलं की तुमची फुप्फुसं मिनिटाला जास्तीत जास्त किती हवा हलवू शकतात ते अंदाजे मिळतं, म्हणजे ८० लिटर. सायकलवर दमून थांबलात तेव्हा तुम्ही ५५ लिटर हलवत होता, तर २५ लिटर शिल्लक होते. म्हणजे तुम्हाला फुप्फुसांनी थांबवलेलं नाही. शिल्लक काहीच नसेल तर बोट फुप्फुसांकडे जातं. तसंच नाडीचं : ती वयाच्या आकड्यापर्यंत पोचली की आधीच अडली, ते दिसतं. आणि प्रत्येक ठोक्यामागे शरीर किती ऑक्सिजन उचलतं, त्याची रेघ चढत जायला हवी; ती मधेच आडवी झाली तर हृदय ठोक्याला पुरेसं रक्त टाकत नाही अशी शंका येते.

बीपी असलेल्या, वजन थोडं वाढलेल्या, पाळी जायच्या वयाच्या बायकांत एक प्रकार वरचेवर दिसतो. हृदयाची आकुंचनाची ताकद इकोत अगदी छान असते, पण स्नायू ताठर झालेला असतो, सैल पडून रक्त भरून घेत नाही. बसल्या जागी निभतं. चढावर मागं दाब तुंबतो आणि दम लागतो. तुमच्या बाबतीत माझ्या मनात ही शक्यता वर आहे, पण पत्रावरून निदान करणार नाही. सायकलच्या टेस्टनं तिकडं बोट दाखवलं तर व्यायाम करताना इको काढतात, आणि तेवढ्यानंही उलगडलं नाही तर हृदयात नळी घालून दाब मोजतात.

आणखी एक आकडा आहे, तो माझ्या काळजाला लागलेला आहे. निरोगी माणसाला १ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला साधारण २५ ते ३० लिटर हवा हलवावी लागते. काही जणांना ४० च्या वर लागते. म्हणजे श्वास चाललाय, पण वाया चाललाय. हवा पोचते तिथं रक्त पोचत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ३४ वर्षांची बाई आली होती, दोन लेकरांची आई. जिना चढताना दम लागायचा. तिचे सगळे रिपोर्ट तुमच्यासारखेच नॉर्मल होते. मी तिला म्हटलं, घरचं टेन्शन कमी करा, सगळं ठीक आहे. मीच म्हटलं. सात महिन्यांनी ती परत आली, तेव्हा धाकटं मूल कडेवर घेऊन माझ्या दवाखान्याच्या आठ पायऱ्या तिला चढवल्या नाहीत. नवऱ्यानं मूल घेतलं, ती खालीच बसली. मग मात्र मी तिला सायकलच्या टेस्टला पाठवलं. बसून ९७ असलेला ऑक्सिजन जोर लावल्यावर ८९ वर आला, आणि तो हवा वाया जाण्याचा आकडा ४० च्या वर गेला. तेव्हा मी तिला पहिल्यांदा विचारलं, पाय कधी सुजला होता का? दुसऱ्या बाळंतपणानंतर डावी पिंडरी सुजून दुखत होती, गार लागलं म्हणून घरी शेक दिला होता. पायातली गुठळी तुटून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसली होती आणि तिथंच जुनी झाली होती. फुप्फुसांच्या स्कॅनवर ती दिसली. रक्त पातळ ठेवायची औषधं सुरू झाली, पुढच्या उपचारांसाठी मोठ्या केंद्रात पाठवलं. आता ती चालते, कामं करते. पण ते सात महिने मी तिला परत देऊ शकत नाही. तेव्हापासून टेन्शन हा शब्द मी निदान म्हणून लिहिलेला नाही, आणि दम लागणाऱ्या प्रत्येक बाईला पाय सुजल्याचं विचारते. तुम्हीही आठवून बघा.

टेस्टमध्ये स्नायूच कमी पडतात असंही निघू शकतं. कोविडनंतर, चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्यांत हे मी भरपूर पाहिलं. फुप्फुसांत शिल्लक भरपूर असते, हृदय धडधाकट, पण पाय लवकर हार मानतात आणि नाडी सुरुवातीलाच पळायला लागते. हेही खरं निदान आहे आणि त्याला खरा उपाय आहे : आठ-बारा आठवडे ठरवून, वाढवत नेलेलं चालणं. काहींची श्वासाची लयच बिघडलेली असते, तेही या टेस्टमध्ये वेड्यावाकड्या श्वासांतून दिसतं, आणि ते फिजिओथेरपिस्टकडे शिकून सुधारता येतं.

सासूबाईंसाठी एक गोष्ट. माणूस जोर लावत जातो तसा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शरीरानं वापरलेल्या ऑक्सिजनपेक्षा जास्त होतो. हे प्रमाण १.१० च्या वर गेलं की कागदावर लिहिता येतं, या बाईनं पूर्ण ताकद लावली. तो आकडा नुसतं नाटक करून सहसा येत नाही. मात्र तो त्याच्या खाली राहिला तरी नाटक ठरत नाही, गुडघा दुखला, मास्क सहन झाला नाही, तरी माणूस आधी थांबतो. तुम्ही फक्त होईल तितका जोर लावा आणि कशामुळं थांबलात, पाय की श्वास, ते उतरल्या उतरल्या सांगा. त्या एका वाक्याला रिपोर्टाइतकीच किंमत आहे.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. टीएमटी म्हणजे ही टेस्ट नव्हे. पट्ट्यावर चालवून ईसीजी बघतात ती टीएमटी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यासाठी आहे, त्यात श्वासातले वायू मोजत नाहीत. तेव्हा आधी टीएमटी नॉर्मल आली म्हणून ही टाळू नका. आणि ही टेस्ट प्रत्येक हॉस्पिटलात नसते. बेळगाव, हुबळी, कोल्हापूरला मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या हॉस्पिटलांत आधी फोन करून, मास्क लावून वायू मोजतात का, असंच विचारा आणि मगच एसटी पकडा. तोवर चढावर छातीत कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, ओठ निळे पडले, एक पाय सुजला किंवा थुंकीतून रक्त आलं, तर टेस्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यातला, वय १९. सैन्य भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करतोय. पळताना ठीक असतं, खरं संपल्यावर पाच मिनिटांनी खोकला येतोय, छाती आवळतेय, शिट्टीसारखा आवाज येतोय. थंडीत सकाळी जास्त. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप थांबतंय. फुंकायची टेस्ट नॉर्मल आली. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे.

उत्तर : बाळा, स्टॅमिना कमी असणारा पळताना मागं पडतो. पळून झाल्यावर पाच मिनिटांनी छाती वाजत असेल तर श्वासनलिका आकसतायत, असा माझा पहिला अंदाज. भरभर आत ओढलेली थंड, कोरडी हवा नलिकांचं अस्तर सुकवते आणि त्या आवळतात. तुझी फुंकायची टेस्ट बसून केली, तेव्हा त्या मोकळ्याच होत्या.

तुला मास्कची टेस्ट लागणार नाही. छातीच्या डॉक्टरांकडे पळून फुंकायची टेस्ट माग. आधी फुंकायचं, मग ट्रेडमिलवर सहा ते आठ मिनिटं, त्यातली शेवटची चार तरी जोरात पळायचं, आणि थांबल्यावर ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी परत फुंकायचं. पहिल्या सेकंदाची हवा १० टक्के किंवा जास्त घसरली तर निदान पक्कं. त्या दिवशी सकाळी सराव करून जाऊ नकोस, कारण एकदा पळून आलेल्या नलिका पुढचे दोन-तीन तास कमी आकसतात आणि टेस्ट फसवी नॉर्मल येते.

पळतानाच, ऐन जोरात असताना, श्वास आत घेताना घशात आवाज येत असेल आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत जात असेल तर दोष स्वरयंत्रापाशी असू शकतो, तिथं पंपाचा उपयोग नाही. मित्राला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांग. एक गोष्ट मात्र विसरू नकोस : पळताना कधी चक्कर येऊन पडला असशील, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय मैदानावर जाऊ नकोस. मित्राचा पंप उसना ओढू नकोस. औषध ठरलं, दहा-पंधरा मिनिटं अंग नीट गरम करून पळायला लागलास, की बहुतेक पोरं पुन्हा पहिल्यासारखी पळतात.

प्रश्न : आई निपाणीत विड्या वळते, वय ६१. बाजाराला जाऊन येताना धापा टाकते. घरी ऑक्सिमीटरवर ९७ दाखवतो. म्हणजे फुप्फुस चांगलं आहे ना?

उत्तर : बसून मोजलेला ९७ बसण्यापुरता चांगला आहे. चिमटी बोटाला लावून आईला घराच्या सपाट वाटेवर तिच्या नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालवा, बरोबर कुणीतरी राहा. नखाला नेलपॉलिश नको, बोटं गार नकोत. आकडा ४ नं किंवा जास्त उतरला, किंवा ९० च्या खाली गेला, तर तो त्या दिवशीच्या तारखेसह लिहून छातीच्या डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात हीच टेस्ट ३० मीटरच्या पट्टीवर नीट मोजून करतात. आकडा नाही उतरला तरी धापा खऱ्याच आहेत. आईची फुंकायची टेस्ट, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि इको या चार तपासण्या अजून झालेल्या दिसत नाहीत, त्या आधी करा. आणि जाताना डॉक्टरांना हे जरूर सांगा, की ती किती वर्षं तंबाखूच्या धुळीत बसतेय आणि चूल कधी बंद झाली.